केशवराव भोसले नाट्यगृह, कोल्हापूर: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि जरा लांबलेली उत्तरं

आधीच सांगतो, मी नट नाही. हौशी ग्रुपमध्ये नेपथ्य ठोकणारा माणूस, म्हणजे टेम्पोतून फ्लॅट (सेटच्या प्लायच्या भिंती) उतरवणं, खिळे मारणं, तिसरी घंटा झाली की विंगेत अंधारात श्वास धरून उभं राहणं, एवढंच माझं रंगभूमीला योगदान. पण कोल्हापूरचा आहे आणि 'केशवराव'बद्दल, म्हणजे २०२४ च्या आगीत जळालेल्या आमच्या नाट्यगृहाबद्दल, बोलायला लागलो की थांबत नाही, त्यामुळे पाहुणे, पुण्या-मुंबईचे मित्र, भाचरं, सगळे मलाच विचारतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

पॅलेस थिएटर आणि केशवराव भोसले नाट्यगृह, ही दोन आहेत का एकच?

एकच. बांधलं तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर, १९५७ ला ते बदलून 'संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह' झालं. बोलताना मात्र सगळे नुसतं 'केशवराव' म्हणतात, "आज केशवरावला काय आहे?" असं. बाहेरच्या माणसाला वाटतं कुणाच्या तरी घरी कार्यक्रम आहे.

हे बांधलं कुणी आणि कधी?

राजर्षी शाहू महाराजांनी, १९१३ ला काम सुरू झालं आणि १९१५ ला पूर्ण झालं. राधानगरीच्या धरणाचं काम, मुलांसाठी बोर्डिंगं, आरक्षण, तालमी असं सगळं ज्या काळात चाललं होतं त्याच काळात ह्या राजाला नाटकासाठी पक्कं दगडी घर बांधावंसं वाटलं. तेव्हा नाटक कंपन्या गावोगाव फिरायच्या, बऱ्याच ठिकाणी कापडी किंवा पत्र्याचा मांडव ठोकून खेळ करायच्या, पाऊस आला की खेळ बंद आणि उत्पन्नही बंद. पक्कं नाट्यगृह असणं म्हणजे कंपनीला मुक्काम करायचं कारण मिळणं, आणि कंपनी मुक्कामाला राहिली की गावात गवई येतात, पडदे रंगवणारे येतात, शिंपी येतात, पेटीवाले येतात. आपल्याकडे 'कलापूर' म्हणतात ते काही आकाशातून पडलेलं नाही, अशा घरांमुळे झालंय.

एक उदाहरण सांगतो. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव पेंटर, हे दोघं साधारण १९१० ते १९१६ च्या काळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढे बाबूराव सिनेमाकडे वळले, कोल्हापुरातच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० ला 'सैरंध्री' आला. म्हणजे ज्या सिनेमाच्या नावाने आपण कॉलर ताठ करतो त्याचा ब्रश आधी नाटकाच्या पडद्यावर फिरलेला आहे.

रोमचा काय संबंध आहे म्हणे?

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले, त्या दौऱ्यात रोमही झालं आणि तिथलं कलोसियम बघून त्यांच्या डोक्यात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असं कोल्हापुरात सगळीकडे सांगितलं जातं. त्यातून झालं ते शेजारचं खासबाग मैदान, १९१२ चं. मध्ये हौदा (कुस्तीचा आखाडा) आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, म्हणजे परातीच्या मध्यभागी लाडू ठेवल्यासारखं, कुठेही बसा, पुढच्याच्या पागोट्याआडून बघायची वेळ येत नाही. तिथल्या पहिल्या मोठ्या कुस्तीला इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन भिडले होते. त्यानंतर वर्षभरात लगेच शेजारी नाट्यगृहाचं काम.

पण नाटक आणि कुस्ती अशी पाठीला पाठ लावून कशाला?

हा प्रश्न मुंबईचे लोक विचारतात, कोल्हापूरचा कुणी विचारत नाही :) आमच्याकडे सकाळी तालमीत घाम गाळणारा माणूस रात्री नाट्यसंगीताला मान डोलवतो, दोन्हीला बैठक लागते. विनोद सोडा, पण महाराजांची दृष्टी खरंच तशी होती, करमणूक ही चार सरदारांची चैन नाही, रयतेची गरज आहे. नाट्यगृहाची मागची बाजू मैदानाकडे आहे आणि त्या बाजूला खासबागेचं व्यासपीठ होतं. तुम्ही दोन्हीच्या मध्ये उभे राहिलात की एका बाजूला तांबडी माती आणि एका बाजूला नाटकाचं सामान चढवायचा दरवाजा. हे दृश्य जगात दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवा.

आणि हो, खासबागेच्या खाऊगल्लीत भेळ खाऊन प्रयोगाला गेलं नाही तर प्रयोग पूर्ण झाला असं धरत नाहीत.

केशवराव भोसले म्हणजे नक्की कोण? नाव ऐकलंय पण पुढे काही माहीत नाही.

जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. गरिबी म्हणजे खरी गरिबी, लहानपणीच नाटक कंपनीत गेले. देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकात शारदेची भूमिका करून ह्या पोराने नाव काढलं, त्या काळात बायकांची कामं पुरुषच करायचे हे तुम्हाला माहीत असेलच. १ जानेवारी १९०८ ला, म्हणजे वय वर्षं सतरा, हुबळीला स्वतःची कंपनी काढली, ललितकलादर्श. सतराव्या वर्षी आपण काय करत होतो ते आठवून बघा, मी तर गॅदरिंगच्या पावती पुस्तकाचा हिशेब सुद्धा नीट दिला नव्हता.

ह्या कंपनीने नुसती जुनी पौराणिक नाटकं फिरवली नाहीत. मामा वरेरकरांचं 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्यावरचं नाटक १९१६ ला ह्यांनीच केलं, म्हणजे ज्या मांडवात लोक तिकीट काढून बसलेत त्यांच्याच घरातलं भांडण स्टेजवर. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर मोठी रिस्क.

आणि मग ती गाजलेली रात्र. ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'. बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव नायक धैर्यधर. दोघंही आपापल्या कंपनीचे मालक, दोघंही गाण्याचे सम्राट, आणि दोघांचे चाहते एकमेकांचे गळे धरायच्या बेतात, अशी दोन माणसं एका स्टेजवर. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन सुपरस्टारचा क्रॉसओव्हर, फक्त इथे रिटेक नाही, माईक नाही आणि गाणं तिथल्या तिथे समोरासमोर. त्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे सुद्धा आमच्या कोल्हापूरकडचेच, हे मी मुद्दाम सांगतोय.

त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय ३१. कंपनी पुढे बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले. म्हणजे ज्याने घर बांधलं तो आणि ज्याचं नाव त्या घराला लागलं तो, सात-आठ महिन्यांच्या अंतराने दोघंही गेले.

माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू कसं जायचं?

तीन गोष्टी. एक, गळा. ती माणसं तशीच तयार व्हायची, पेटीच्या काळी चार-पाच पट्टीत चढा आवाज आणि शब्द फेकायची सवय. दुसरं, स्टेज. जुनं लाकडी स्टेज आतून पोकळ असतं, फळ्यांखाली हवा, त्यामुळे ते ढोलकीसारखं वागतं. कुणी पाय आपटला की तुमच्या खुर्चीला कळतं. काँक्रीटच्या स्टेजवर लाकडाची पट्टी चिकटवली तर दिसायला तेच दिसेल पण आवाज मेलेला असतो, हे नेपथ्यवाल्याला खिळा मारतानाच कळतं, पोकळ लाकडाचा 'ठण्ण' वेगळा आणि चिकटवलेल्याचा 'ठक' वेगळा.

तिसरी गोष्ट म्हणजे हॉल स्वतः. टाळी वाजवली की आवाज किती वेळ घुमतो त्यावर सगळं असतं. बोलण्याच्या नाटकाला साधारण एक सेकंद किंवा त्याहून कमी घुमलेलं बरं, नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात. गाण्याला थोडं जास्त चालतं, दीडच्या आसपास गेलं तरी गोड लागतं. आता आमची अडचण बघा, संगीत नाटकात दोन्ही आहे! गद्य संवाद झाला की लगेच पद. म्हणून संगीत नाटकाचं थिएटर बांधणं म्हणजे चहा आणि सरबत एकाच कपात देण्यासारखं आहे. त्यात परत प्रेक्षक भरले की आवाज बदलतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करून "वा, काय घुमतंय" म्हणणारा दिग्दर्शक रात्री हाऊसफुल्लला रडतो. गादीच्या खुर्चीचा एक फायदा असतो तो हाच, ती रिकामी असली तरी माणूस बसल्याइतका आवाज पिते, मग तालीम आणि प्रयोग ह्यात फरक कमी पडतो.

आग कधी लागली आणि काय काय गेलं?

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार, रात्री. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची १३४ वी जयंती. इतकं क्रूर टायमिंग कुठल्या नाटककाराने लिहिलं असतं तर आम्ही "फार ओढूनताणून" म्हणून हसलो असतो.

मी मिरजकर तिकटीपाशी उभा होतो. वर सगळं तांबडं झालेलं. आजूबाजूला शेकड्याने माणसं पण कुणी ओरडत नव्हतं, नुसता लाकूड तडकल्याचा आवाज आणि बंबांचे सायरन. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ओळख ना पाळख, माझा दंड धरून उभे होते आणि मधूनच म्हणत होते "पडदा गेला असंल, आता विंगा गेल्या असतील", म्हणजे ते बाहेरून आत बघत होते, एकेक वस्तू कुठल्या क्रमाने जाईल ते त्यांना पाठ होतं. बहुतेक बॅकस्टेजवालेच असणार.

जीवितहानी झाली नाही, हे पहिलं. गेलं काय तर स्टेज, पडदे, खुर्च्या, लाइट आणि साऊंडचं सामान, छत, आतलं जवळपास सगळं लाकूडकाम. खासबागेच्या बाजूचं लाकडी व्यासपीठही गेलं. राहिलं काय तर समोरचा दगडी दर्शनी भाग आणि भिंती. सकाळी लोक आले, नाटकवाले, तमाशावाले, ऑर्केस्ट्रावाले, आणि समोर उभे राहिले. जयंतीला हार घालायला यायचं होतं ते असं आले.

एवढी भराभर कशी पसरली?

कुठल्याही जुन्या थिएटरचं स्टेज म्हणजे रचून ठेवलेली होळीच असते, हे ऐकायला वाईट वाटेल पण खरं आहे. कापडी पडदे, झालरी, विंगा, प्लायचे फ्लॅट, ऑइलपेंट, फोम, वरती दोऱ्या, सगळं कोरडं आणि सगळं उभं टांगलेलं. आग आडव्या गोष्टीपेक्षा उभ्या गोष्टीवर कितीतरी पटीने वेगात चढते. त्यात स्टेजवरची उंच पोकळी धुराड्यासारखी ओढ देते, वर गेलेला गरम धूर छताखाली पसरतो आणि खालच्या खुर्च्यांनाही तापवतो.

हे जगाला आधीच कळलेलं आहे आणि फार महागात कळलंय. शिकागोचं इरोक्वाय थिएटर, डिसेंबर १९०३, नवंकोरं, 'अग्निरोधक' म्हणून जाहिरात केलेलं, सहाशेवर माणसं गेली कारण दारं अडकली आणि आग अडवणारा पडदा अर्ध्यात लटकला. आपल्याकडे १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ लोक गेले, धुरात गुदमरून, बाहेर पडायची वाट अडलेली होती. केशवरावला आग लागली तेव्हा आत प्रयोग चालू असता तर, हा विचार मी करायचा टाळतो.

दगडी भिंती तर उभ्या आहेत, मग फक्त छत टाकायचं ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि रागाने विचारला जातो. भिंत उभी असणं आणि भिंत धडधाकट असणं ह्यात फरक आहे. आपल्याकडचा काळा दगड, बेसाल्ट, तसा आगीला दाद देत नाही, पण लालबुंद तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडलं की वरचा पापुद्रा उडतो आणि आत बारीक तडे जातात, गरम तव्यावर पाणी मारल्यासारखं. दगडाच्या सांध्यात जो चुना असतो तो साधारण ८०० अंशाच्या पुढे परत कळीचा चुना (भाजलेला, कोरडा) व्हायला लागतो, म्हणजे धरून ठेवायची ताकदच जाते. बाहेरून दिसत नाही, हातोडीने ठोकून, गाभ्याचे नमुने काढून, कधी अल्ट्रासाऊंडने बघावं लागतं. अगदी डॉक्टरसारखं.

आणि एक गंमत सांगतो जी ऐकून सगळ्यांना धक्का बसतो. आगीत लोखंडापेक्षा जाड लाकूड जास्त भरवशाचं. सागाची जाड तुळई बाहेरून मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर ह्या हिशेबाने जळत जाते, वर कोळशाचा थर होतो आणि तोच थर आतल्या लाकडाला वाचवतो. लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे अंशाला निम्मी ताकद सोडतं आणि मेणासारखं वाकतं, वर परत फुगून भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून आग विझल्यावर भिंत ओळंब्यात (सरळ उभी) आहे का हे पहिलं बघायचं. छत ही नुसती छत्री नसते, ते दोन समोरासमोरच्या भिंतींचे हात धरून ठेवत असतं. छत गेलं की उंच भिंत एकटी पडते, वाऱ्यात, पावसात. आधी टेकू, मग वरून पाणी मुरू नये म्हणून झाकण, मग बाकीचं.

मग सरळ पाडून नवीन मस्त मल्टिपर्पज हॉल का नको?

नको. पुढचा प्रश्न.

सगळे म्हणतात 'होतं तसंच' बांधा. बरोबर आहे ना?

बरोबरच आहे, मी पण त्या रात्री तेच म्हणत होतो. पण नंतर शांत डोक्याने विचार केला तर प्रश्न पडतो, होतं तसं म्हणजे कुठल्या सालचं होतं तसं?

१९१५ चं म्हणाल तर त्यात वीज आजच्यासारखी नाही, एसी नाही, बायकांसाठी रंगपट (तयार व्हायची खोली) असायचा प्रश्नच नाही कारण बायका स्टेजवर नव्हत्या. १९५७ चं म्हणाल तर ते निराळं. आणि ७ ऑगस्ट २०२४ चं म्हणाल तर त्यातल्या खुर्च्या, एसी, लाइट, साऊंड, फॉल्स सीलिंग, हे बरंचसं दहाएक वर्षांमागच्या नूतनीकरणातलं. म्हणजे त्या रात्री आपण ज्या गोष्टींसाठी रडलो त्यातल्या कित्येक आपल्या मोबाइलपेक्षा थोड्याच जुन्या होत्या. हे कुणाला दुखवायला सांगत नाहीये. उलट ह्यातून एक चांगली गोष्ट निघते. जे खरं शाहूकालीन होतं, दगड, भिंतींची मांडणी, दर्शनी भाग, खासबागेशी पाठीला पाठ, ते बऱ्याच अंशी राहिलंय, आणि जे गेलं ते करता येण्यासारखं आहे.

माझं आपलं मत असं. बाहेरून १९१५ चं, अजिबात तडजोड नको, नवा दगड लागला तर तसाच घडवलेला लागला पाहिजे. आत प्रेक्षक आणि स्टेजचं नातं जुनं, म्हणजे कुठल्या रांगेतून नटाचे डोळे दिसायचे ते तसंच राहू दे. पण पडद्यामागचं सगळं आजचं, वायरिंग आजचं, आग अडवणारा पडदा आजचा, रंगपटात स्वच्छ संडास आजचा. नटीला साडी बदलायला जागा नसणं हा काही वारसा नाही.

जगात असं कुठे केलंय का?

व्हेनिसचं ला फेनिचे ऑपेरा हाऊस. २९ जानेवारी १९९६ ला जळून खाक, आणि तिथे लावणारे कोण तर आत काम करणारे दोन इलेक्ट्रिशियन, काम लांबलं म्हणून दंड बसेल ह्या भीतीने आग लावली, कोर्टात शिक्षा झाली. तिथल्या लोकांची घोषणा होती 'होतं तसं, होतं तिथं'. हुबेहूब आपलीच. डिसेंबर २००३ ला उघडलं. आतली नक्षी आणि रंग परत मिळवताना कामी काय आलं तर १९५४ चा एक सिनेमा, त्याचं शूटिंग आत झालं होतं, त्यातली दृश्यं थांबवून थांबवून बघितली.

आपल्याकडे मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं ते २०१६ ला उघडलं, काम आभा नारायण लांबा ह्यांनी केलं, आणि पुढच्या वर्षी त्याला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. सिमल्याचं गेइटी थिएटर १८८७ चं, ते वेद सेगन ह्यांनी सहाएक वर्षं लावून दुरुस्त केलं आणि २००९ ला खुलं झालं. तिथे कधी गेलात तर तिकीट काढून आत जा, छोटंसं आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, डोळे निवतात.

म्हणजे आपल्यालाही इतकी वर्षं?

वरची वर्षं परत वाचा आणि मग चौकातल्या "अजून कसं झालं नाही" ह्या चर्चेत भाग घ्या. चर्चा करायला ना नाही, विचारत राहिलंच पाहिजे. पण घाई आणि विचारपूस ह्यात फरक आहे.

पैसे?

आगीनंतर लगेच राज्य सरकारने २० कोटी जाहीर केले.

सिमेंट असताना चुना कशाला? मिस्त्री म्हणतो सिमेंट मजबूत.

मिस्त्री खोटं बोलत नाही, पण जुन्या भिंतीला ती मजबुती नको असते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षानुवर्षं घट्ट होत जातो, थोडा लवचिक राहतो, भिंत हलली तर बारीक चीर पडते आणि ती कधी कधी आपोआप भरूनही येते. मुख्य म्हणजे चुना श्वास घेतो, कोल्हापूरच्या पावसात भिंतीत मुरलेलं पाणी सांध्यातून परत बाहेर जातं. तिथे सिमेंट भरलं की वाट बंद, पाणी दगडातून वाट काढतं, क्षार फुलतात आणि सांधा शाबूत राहून दगडच झिजतो. म्हणजे धाग्यापेक्षा कापड आधी फाटलं.

आमच्या गल्लीतल्या एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत मी चुना भिजवलेला बघितलाय. कळीचा चुना पाण्यात टाकला की हौद अक्षरशः उकळतो, वाफा निघतात, पोरांना लांब हाकलतात. मग तो कित्येक दिवस पाण्याखाली मुरवायचा, वाळूबरोबर घाण्यात मळायचा, गूळ, हिरडा, बेलफळ भिजवून त्याचं पाणी घालायचं. मळून झालेला चुना थापीवर लोण्यासारखा बसतो आणि थापी उलटी केली तरी पडत नाही, तिथले म्हातारे गवंडी तीच परीक्षा करत होते. त्यांना विचारलं किती दिवस मुरवायचा, तर म्हणाले "घाई असंल तर सिमेंट आण की".

परत आग लागू नये म्हणून काय लागतं?

स्टेज आणि प्रेक्षक ह्यांच्यामध्ये खाली पडणारा अग्निरोधक पडदा, स्टेजच्या डोक्यावर धूर बाहेर सोडणारी झडप जी आग लागल्यावर स्वतः उघडते, स्प्रिंकलर, पडद्यांच्या कापडाला न पेटणारी ट्रीटमेंट (ही कायमची नसते, धुतली की जाते, परत करावी लागते), आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यात यंत्रणा चालू आहे असं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत.

पण कागद एक आणि विंग एक. एका गावात, नाव नाही सांगत, आमच्या स्पर्धेच्या प्रयोगाला मागच्या आपत्कालीन दाराला कुलूप होतं, किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला गेला होता, आणि दारासमोर आमचेच फ्लॅट रचलेले. रचणारा मीच. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता कुठल्याही हॉलमध्ये गेलो की सामान उतरवायच्या आधी मागचं दार ढकलून बघतो, पोरं हसतात, हसू देत.

माझ्याकडे जुने फोटो, हँडबिलं आहेत. त्याचा काही उपयोग आहे का?

आहे, फार आहे! व्हेनिसला सिनेमा कामी आला, आपल्याला लोकांचे अल्बम येतील. ऑफिशियल फोटोत पाहुणे आणि हार असतात, पण घरच्या फोटोत मागे चुकून दाराची चौकट येते, कठड्याची नक्षी येते, फरशीचा रंग येतो, पडदा कुठून सुटायचा ते दिसतं. नाटकाच्या जुन्या हँडबिलावर तिकिटांचे वर्ग आणि दर असतात, त्यावरून बैठक कशी विभागली होती ते कळतं.

माझ्या आत्याचा एक फोटो आहे, शाळेच्या नाटकात बक्षीस घेतानाचा, ब्लॅक अँड व्हाइट. तिचं तोंड हललंय, बक्षीस देणाऱ्याचं डोकंच कापलं गेलंय, फोटो म्हणून भंगार. पण तिच्या डाव्या खांद्यामागे विंगेकडे जाणाऱ्या दाराचं लाकूडकाम इतकं स्वच्छ आलंय की भिंगातून खिळ्यांची डोकी मोजता येतात. तो फोटो पन्नास वर्षं "टाकून द्या तो" म्हणून ट्रंकेत तळाला होता.

तर तुमच्याकडे काही असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, अल्बममध्ये चिकटलं असेल तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. मागे बॉलपेनने लिहू नका, वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने कोण, कधी, कुठलं नाटक एवढं लिहा, साल नक्की आठवत नसेल तर "ताईच्या लग्नाच्या आधी" असं लिहिलं तरी चालतं, ताईचं लग्न कधी झालं ते घरात कुणीतरी सांगतंच. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आत्याने भीतीपोटी त्या फोटोचं करून घेतलंय, आता खिळे दिसतात पण मध्ये एक बुडबुडा आलाय, नेमका कडीवर.